मुलुंडचं पहिलं घर आणि एका टक्क्याचा हिशेब

मुलुंड पूर्वेला १९८८ साली ताबा दिलेली सात मजली सोसायटी. लिफ्ट आहे. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र, ४०९ चौरस फूट, ठरलेली किंमत १ कोटी ५ लाख. घेणारे नवरा-बायको, दोघंही नोकरदार आणि दोघांचंही हे पहिलंच घर. तिचा पगार वर्षाला ९ लाख, त्याचा १२ लाख. त्याची आई त्यांच्यासोबत राहते. तिच्या वाट्याची गावची जमीन विकून आलेले १२ लाखही या घरात जाणार होते. हा व्यवहार २०२५ च्या पावसाळ्यातला आणि वकील म्हणून करारनामा मी केला. कुटुंबाची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत, रेडी रेकनरचे (सरकारी मूल्यदर तक्त्याचे) दर हिशेबाला सोपे जातील असे धरले आहेत. कराचे दर आणि नियम जसे होते तसेच आहेत.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात एजंटने लिहून दिलेला एक कागद होता. मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार, नोंदणी फी ३० हजार, टीडीएस १ लाख ५ हजार, लीगल आणि इतर ५० हजार. एकूण ८ लाख १५ हजार. त्यांच्याकडे आईचे १२ लाख धरून स्वतःचे ४३ लाख होते, बँकेने ७० लाखांचं कर्ज मंजूर केलं होतं. घराच्या किमतीतले ३५ लाख स्वतःचे घालायचे, वर हे ८ लाख १५ हजार, १ टक्का दलाली आणि सोसायटीची हस्तांतर फी. बेरीज ४४ लाख ४५ हजारांवर जात होती. दीड लाखाची खोट. दोघं तिच्या सोन्यावर कर्ज काढायच्या विचारात होते.

मुद्रांक शुल्काचे पैसे कर्जात बसत नाहीत, हे पहिलं घर घेणाऱ्या बहुतेकांना फार उशिरा कळतं. घराची किंमत १० लाखांपेक्षा जास्त असेल तर कर्जाचं प्रमाण काढताना मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे हा पैसा रोख शिलकीतूनच जातो, आणि नेमका त्या आठवड्यात जातो जेव्हा शिल्लक तळाला गेलेली असते. म्हणून मुंबईत एक टक्का वाचवणं ही हौस नसते. एक टक्का म्हणजे इथे सरळ लाख रुपये.

त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, पहिल्या घराला काही सूट असते ना?"

नाही. महाराष्ट्रात केवळ पहिलं घर आहे म्हणून मुद्रांक शुल्कात सवलत मिळत नाही. लोकांच्या डोक्यात कोविडच्या काळातली कपात अजून आहे. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुंबईत दर २ टक्के होता, त्यानंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत ३ टक्के. ती सगळ्यांनाच होती आणि ती संपली. मुंबईत मूळ शुल्क ५ टक्के, त्यावर १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झालेला १ टक्का मेट्रोचा अधिभार, असे ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. तीस लाखांच्या वरच्या प्रत्येक घराला तेवढीच.

एजंटच्या कागदावरची एक ओळ मी तिथेच खोडली. टीडीएस हा घेणाऱ्यावरचा जादा कर नाही. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का कापून त्याच्या पॅनवर सरकारकडे भरायचा असतो. १ कोटी ५ लाखांतले १ लाख ५ हजार विकणाऱ्याला न देता सरकारला द्यायचे, एवढंच. घेणाऱ्याची बेरीज १ कोटी ५ लाखच राहते. हे पैसे वेगळे काढून ठेवावे लागतील म्हणून त्या दोघांची झोप उडाली होती. मुंबईतल्या किती घरांत ही रक्कम दोनदा धरली जात असेल, कोण जाणे. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का हे मात्र टोकन (बयाणा) देण्याआधी तपासावं, कारण पॅन निष्क्रिय असेल तर १ च्या जागी २० टक्के कापावे लागतात आणि मग व्यवहारच अडतो.

बांधकाम चालू असलेली इमारत की जुनं घर

या घरावर येण्याआधी त्यांनी भांडुपला एका पुनर्विकास प्रकल्पात फ्लॅट पाहिला होता. किंमत साधारण तेवढीच, इमारत नवी कोरी, ताबा अडीच वर्षांनी. त्यावर ५ टक्के जीएसटी होता, म्हणजे ५ लाख २५ हजार. मुद्रांक शुल्क त्याच्यावर वेगळं. १ टक्का जीएसटीचा दर परवडणाऱ्या घरांना आहे, पण त्यासाठी मुंबई महानगरात कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत अशा दोन्ही अटी लागतात. पहिली अट मुंबईतला जवळजवळ प्रत्येक वन बीएचके पुरी करतो, दुसरी मुलुंड-भांडुपमध्ये कोण पुरी करणार? भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळाल्यावर विकलेल्या घराला आणि जुन्या घराच्या पुनर्विक्रीला जीएसटी लागत नाही.

हे मी सविस्तर सांगते, कारण घर घेताना सगळ्यात मोठी करबचत या एका निवडीत असते आणि ती निवड लोक वकिलाकडे येण्याच्या कितीतरी आधी करून बसतात. बिल्डर भोगवटा प्रमाणपत्रानंतर भाव वाढवतात, त्यामुळे जीएसटी वाचला तरी किंमत तेवढी चढलेली असू शकते. तेव्हा दोन्ही आकडे समोरासमोर मांडावेत, आणि बांधकाम पुरं होईपर्यंतचं घरभाडंही त्यात धरावं. या दोघांनी ताब्यासाठी थांबायचं नाही म्हणून जुनं घर निवडलं होतं. कर त्यांच्या मनातही नव्हता. तरी सव्वापाच लाख वाचले ते तिथेच.

रेकनर आणि विकणाऱ्याचा प्रस्ताव

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं. बाजारमूल्य रेडी रेकनरवरून, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून काढतात. २०२२-२३ नंतर हे दर तसेच होते, १ एप्रिल २०२५ पासून ते वाढले.

जुन्या घराचं मूल्य काढताना तक्त्यातला फ्लॅटचा दर थेट क्षेत्रफळाने गुणायचा नसतो. आपल्या घराचा दर १ लाख ७० हजार रुपये चौरस मीटर आणि त्याच विभागातल्या खुल्या जमिनीचा दर ८० हजार धरू. दोहोंतला फरक ९० हजार, हा बांधकामाचा भाग. घसारा फक्त त्याला लागतो. पक्क्या बांधकामाला पहिल्या पाच वर्षांचे ५ टक्के आणि त्यानंतर दरवर्षी १ टक्का या हिशेबाने ३७ वर्षांच्या इमारतीचे ३७ टक्के वजा जातात आणि ६३ टक्के उरतात. ९० हजारांचे ६३ टक्के ५६ हजार ७००. त्यात जमिनीचे ८० हजार मिळवले की दर १ लाख ३६ हजार ७०० होतो. कार्पेट ३८ चौरस मीटर, त्याला १.२ ने गुणून बांधीव क्षेत्र ४५.६ चौरस मीटर. मूल्य ६२ लाख ३३ हजारांच्या आसपास. तिसरा मजला असल्याने मजल्याची वाढ नाही. लिफ्टच्या इमारतीत ती पाचव्या मजल्यापासून सुरू होते.

एजंटने हेच मूल्य घसारा न धरता, जुन्या जाहिरातीतलं ६१० फूट सुपर बिल्टअप क्षेत्र घालून ९६ लाख काढलं होतं. या व्यवहारात त्या चुकीने काही बिघडलं नाही, कारण करारातली किंमत दोन्हींहून जास्त होती. पण जिथे जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतीतलं घर रेकनरपेक्षा कमी किमतीला मिळतं, तिथे हीच चूक लाखभर रुपयांना पडू शकते. म्हणून करारनाम्यात कार्पेट क्षेत्र मोजून लिहावं, सुपर बिल्टअपचा उल्लेख करू नये, आणि इमारतीचं वय दाखवणारा कागद, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र किंवा मालमत्ता कराचं पहिलं बिल, दस्ताला जोडावं. मूल्यांकन पटत नसेल तर नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. त्यांचा निर्णयही पटला नाही तर ६० दिवसांत पुण्याला मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकाऱ्यांकडे अपील आहे. वेळ लागतो, पण रस्ता आहे. शिवाय रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. रेकनरचा हिशेब नीट करून घेण्याचं हे दुसरं कारण.

रेकनर ६२ लाख आणि बाजारभाव १ कोटी ५ लाख. मुंबईतला मोह याच फटीत बसलेला असतो. विकणाऱ्याने एजंटमार्फत निरोप पाठवला की करार ७५ लाखांचा करू, ३० लाख रोख द्या, तुमचेही १ लाख ८० हजार वाचतील. रेकनरपेक्षा ७५ जास्तच आहेत, कुणी विचारणार नाही.

दीड लाखाची खोट असलेल्या माणसाला १ लाख ८० हजार दाखवले की तो ऐकतो. नवऱ्याने मला विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, काळजी होती. मी त्याला कायद्याची भीती घालण्याआधी हिशेब दाखवला. ७५ लाखांच्या करारावर बँक ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ६० लाख देईल. मग हातातून घालायचे ४५ लाख, ३५ नव्हे. ते कुठून आणणार? पुढे कधी हे घर विकलं तर खरेदीची किंमत ७५ लाखच धरली जाईल, आणि न दिसलेले ३० लाख नफा ठरून त्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागेल. ३ लाख ७५ हजार. आज वाचलेल्या रकमेच्या दुप्पट. विकणाऱ्याचा कर तेवढा कमी होतो आणि तो घेणाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसतो, इतकं हे सरळ आहे. व्यवहार उद्या मोडला तर ३० लाखांची पावती कुणाकडेच नसते.

गुन्हा आहे तो आहेच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि दस्तात खरी किंमत लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. पण मला या मार्गाची चीड येते ती वेगळ्या कारणाने. पहिलं घर घेणारं, पगारावर जगणारं कुटुंब यात सगळ्यात जास्त गमावतं, आणि त्यालाच सांगितलं जातं की तुझा फायदा होतोय. आम्ही पूर्ण किमतीचा करार कळवला. विकणारा आठवडाभर गप्प राहिला, मग तयार झाला.

त्यानंतर किमतीतले १२ लाख फर्निचरच्या वेगळ्या करारात दाखवून तेवढ्यावरचं मुद्रांक शुल्क वाचवायची कल्पना आली. घरात होते दोन जुने एसी, एक फ्रिज आणि भिंतीत बसवलेली कपाटं. भिंतीतली कपाटं घराचाच भाग. उरलेल्या वस्तूंची खरी किंमत लाखाच्या आत, वाचणारं शुल्क चार-पाच हजार, आणि त्या लाखावर बँक कर्ज देणार नाही. सोडून दिलं. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, पार्किंगचे वेगळे ५ लाख मागितले होते, तेही नाकारले. स्टिल्ट आणि खुली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं आहे. इथे तर जागा सोसायटीच्या ताब्यात होती आणि सभासदांना वाटपाने मिळत होती. जे विकणाऱ्याच्या मालकीचं नाही त्याला पैसे कशाचे द्यायचे, आणि करारात लिहून त्याचं मूल्यांकन कशाला वाढवून घ्यायचं?

घर कुणाच्या नावावर

मुद्रांक शुल्कातली खरी बचत होती ती इथे, आणि सगळ्यात अवघड बोलणंही इथेच झालं.

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. मुंबईत ६ ऐवजी ५. निवासी घरालाच, आणि अट अशी की दस्तातले सगळे खरेदीदार महिला असाव्यात. नवऱ्याचं नाव सहखरेदीदार म्हणून आलं की सवलत गेली, मग त्याचा वाटा एक टक्का का असेना. सुरुवातीला आणखी एक अट होती, की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती २०२३ साली काढून टाकली. कित्येक एजंट अजूनही तीच अट सांगून लोकांना घाबरवतात. नोंदणी फीत मात्र सवलत नाही, ते ३० हजार सर्वांना सारखे.

१ कोटी ५ लाखांवर फरक १ लाख ५ हजारांचा. पण नवऱ्याचं नाव काढण्याची किंमतही मोजायला हवी होती. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर प्रत्येक मालकाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नवरा कर्जात असला तरी मालक नसेल तर त्याला ती मिळत नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात ही वर्षाला ४१ हजार ६०० रुपयांची करबचत. तिसऱ्या वर्षीच तो एक टक्का भरून निघाला असता आणि पुढे तोटाच तोटा. जास्त पगाराची, जुन्या पद्धतीत राहणारी जोडपी केवळ सवलतीपोटी बायकोच्या एकटीच्या नावावर घर घेतात, तेव्हा हे कुणी त्यांना सांगत नाही.

या दोघांची गोष्ट वेगळी होती. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत प्राप्तिकर शून्य आहे. तिचे ९ लाख, त्याचे १२ लाख, दोघंही त्याच्या आत. कर नाही तर वजावटीचा उपयोग काय? मुद्रांक आणि नोंदणीची रक्कम जुन्या पद्धतीत दीड लाखांच्या मर्यादेत वजावट म्हणून दाखवता येते, तीही त्यांना कामाची नव्हती. पगार वाढला की हे चित्र बदलेल, हे मी त्यांना सांगितलं. पण नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाहीच, तेव्हा ते तिथेच राहिले तर गमावण्यासारखं काही नव्हतं. कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो, मालक नसला तरी सवलतीला बाधा येत नाही.

नवरा लगेच तयार झाला. "तिच्या नावावर राहू दे, मला काय फरक पडतो?" त्याची आई मात्र गप्प झाली.

तिच्या गप्प होण्याचा अर्थ जुन्या विचारांची सासू असा लावणं सोपं होतं. मी तसं केलं नाही. १२ लाख ही त्या बाईंची आयुष्यभराची पुंजी. नवरा गेला, जमीन विकली, पेन्शन नाही. ते पैसे सुनेच्या नावावरच्या घरात जाणार, मुलाचंही नाव नाही, तर उद्या आपण या घरात कोण, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. मुलाचं नाव हवं हा त्यांचा आग्रह त्याच भीतीतून आला होता. सून समजूतदार होती. ती म्हणाली, "आई, तुम्हाला नको असेल तर दोघांच्या नावावर घेऊ, लाख रुपये गेले तर गेले."

लाख रुपये घालवायची गरज नव्हती. सवलतीची अट सगळे खरेदीदार महिला असण्याची आहे, एकच महिला असण्याची नाही. सून आणि सासू दोघींनी मिळून घ्यायचं. करारनाम्यात वाटे स्पष्ट लिहायचे, सुनेचा ८८ टक्के, सासूबाईंचा १२ टक्के. त्यांचे १२ लाख मग सुनेला दिलेली भेट राहत नाहीत, त्यांच्याच मालकीचा वाटा होतो. शुल्क ५ टक्केच.

यातली अडचणही मी सगळ्यांसमोर मांडली. सासूबाईंच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या १२ टक्क्यांवर मुलगा आणि लग्न झालेली मुलगी दोघांचा हक्क येतो. ते लपवून करार केला असता तर पुढच्या पिढीच्या भांडणाचं बी मीच पेरलं असतं. नणंदेला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आईला जे वाटेल ते तिने लिहून ठेवावं, माझी हरकत नाही. ती तसं म्हणाली नसती तरी मी हाच मार्ग सुचवला असता, कारण त्या पैशांवर पहिला हक्क ते देणाऱ्या बाईचा.

आता घ्या बायकोच्या नावावर आणि नंतर बक्षीसपत्राने नवऱ्याचं नाव चढवा, हा सल्लाही त्यांना कुणीतरी दिला होता. पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक २०० रुपये हे खरं आहे. पण मुंबईत बक्षीसपत्रावरही १ टक्का अधिभार लागतो, तो बाजारमूल्यावर. ६२ लाखांच्या मूल्यावर ६२ हजार. पूर्ण घर नवऱ्याच्या नावावर करायचं तर वाचलेल्या १ लाख ५ हजारांतले ६२ हजार परत, वर कर्ज चालू असताना बँकेची एनओसी आणि दस्ताचा खर्च. यात उरतं काय?

दस्ताचा दिवस आणि त्याआधीची अडचण

कागद तपासताना बँकेच्या वकिलाने १९८८ च्या मूळ करारनाम्यावर बोट ठेवलं. बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतलेला तो करार पाच रुपयांच्या मुद्रांकावर होता. १० डिसेंबर १९८५ पासून अशा करारांना पूर्ण शुल्क लागू झालं होतं, त्यामुळे तो दस्त अपुऱ्या मुद्रांकाचा ठरतो. मुंबईत त्या काळातले असे करार सर्रास सापडतात. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुद्रांक शुल्क अभय योजनेत १९८० ते २०२० या काळातले दस्त दंडात मोठी सूट घेऊन नियमित करता आले असते, पण विकणाऱ्याने ती संधी सोडली होती. आता तूट आणि तिच्यावर दरमहा २ टक्के दंड, जास्तीत जास्त तुटीच्या चौपट. शुल्क १९८८ च्या मूल्यावर मोजलं जात असल्याने रक्कम आवाक्यातली होती. ती विकणाऱ्याने भरायची आणि प्रमाणित दस्त हातात आल्यावरच आपला करार नोंदवायचा, अशी अट टोकनच्या पावतीत आम्ही आधीच लिहून घेतली होती. ती ओळ नसती तर तो खर्च घेणाऱ्यांच्या गळ्यात पडला असता, आणि एक टक्क्याची सगळी मेहनत त्यात वाहून गेली असती. जुनं घर घेणाऱ्याने टोकन देण्याआधी साखळीतला प्रत्येक करार मागून त्यावरचा मुद्रांक बघावा.

चलान मसुदा पक्का झाल्यावरच काढलं, दोघींच्या नावाने. घाईत नवऱ्याच्या नावाने चलान काढून मग ते परत मिळवण्यासाठी महिनोन् महिने खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. करारात दोघी खरेदीदार महिला आहेत आणि सवलतीच्या दराने शुल्क भरलं आहे, हे स्वतंत्र कलमात लिहिलं. टीडीएस दोघींनी आपापल्या वाट्याप्रमाणे वेगवेगळा भरायचा होता, तिचे ९२ हजार ४०० आणि सासूबाईंचे १२ हजार ६००. विकणाऱ्याला द्यायच्या शेवटच्या हप्त्यातून ते कापले.

सोसायटीने हस्तांतरासाठी आधी लाखभर रुपये 'देणगी' मागितली होती. सहकार खात्याच्या २००१ च्या परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची मर्यादा २५ हजार आहे. पत्र दिलं, २५ हजारांवर काम झालं.

शेवटी हिशेब असा बसला. मुद्रांक शुल्क ५ लाख २५ हजार, नोंदणी ३० हजार, दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क, दलाली १ लाख ५ हजार, सोसायटी २५ हजार. स्वतःचे ३५ लाख धरून ४१ लाख ८५ हजारांच्या थोडं वर. माझी फी देऊन लाखाच्या आसपास शिल्लक राहिली, त्यातून रंगकाम झालं. सोनं गहाण टाकावं लागलं नाही.

इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा उतारा, हातात आल्यावर महिन्याभरात दोन्ही बायकांची मृत्युपत्रं केली. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदवलं तर फीही नाममात्र. सासूबाईंनी आपला वाटा मुलाला दिला आणि त्यात नणंदेसाठी स्वतःच्या दोन बांगड्या लिहिल्या. सुनेने आपला वाटा नवऱ्याला दिला, सासूबाईंना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क ठेवून. ते कलम तिने स्वतः सांगून घालून घेतलं. नवऱ्याने कर्जाच्या रकमेएवढा टर्म इन्शुरन्स काढला, कारण मालकी नसली तरी महिना ५४ हजारांचा हप्ता मुख्यतः त्याच्याच पगारातून जाणार आहे.